सातवा महिना चालू आहे. टीएलडीच्या गोळीनं बाळाची वाढ खुंटते का?

गारगोटीची_लेक:

नमस्कार. नाव सांगत नाही, समजून घ्या. सासर कोल्हापुरात, माहेर गारगोटीकडं. मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. लग्नानंतर त्यांना टीबी निघाला, तिथंच एचआयव्हीची तपासणी झाली, मग माझी झाली. दोघंही पॉझिटिव्ह. २०२२ पासून मी टीएलडी, म्हणजे एचआयव्हीची गोळी घेते, रोज रात्री एक, चुकवत नाही. गेल्या वेळच्या व्हायरल लोडच्या (रक्तात विषाणू किती आहे त्याच्या) कागदावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही, असं आलं होतं.

परवा सोनोग्राफी झाली. बाळ वजनाला थोडं मागं आहे म्हणाले. हिमोग्लोबिन ९.४ आहे. जाऊबाईंना माझं सगळं माहीत आहे. त्यांनी मोबाईलवर वाचलं की ह्या गोळ्यांनी बाळं कमी वजनाची होतात, उंची भरत नाही, डोक्यानंसुद्धा मागं पडतात. आई रोज फोनवर म्हणायलीय, "शेवटचे दोन महिने बंद ठेव की गं, त्या कोवळ्या जिवावर कशाला एवढा औषधांचा मारा." मला काय करावं सुधरंना झालंय.

गोळी खरंच बाळाला बाधते का? अंगावरचं पाजायचं का नाही? बाळाला जन्मल्यावर सिरप देतात म्हणे, ते किती दिवस? आणि बाळ सुटलं का नाही हे कधी कळतं?

माझ्या गोळ्या पण सांगून ठेवते. रात्री झोपताना टीएलडी, लोहाची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही एकदम घेते, म्हणजे एकही राहत नाही. जेवण संध्याकाळी लवकर होतं. झोपताना कपभर दूध पिते. छातीत जळजळतं म्हणून वर ते गुलाबी पातळ औषध दोन चमचे.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, आमचं काही माहीत नाही, म्हणून इथं विचारतेय.


मागावरची_आई, इचलकरंजी:

ताई, गोळी बंद करू नका. आधी एवढं ऐका, बाकीचं जाणती माणसं सांगतीलच.

माझा मुलगा २०१८ च्या दिवाळीनंतरचा. तेव्हा टीएलडी नव्हती, टीएलई ही जुनी गोळी होती. ती घेतली की पहिले काही महिने रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं पडायची. मुलगा जन्मला तो सव्वादोन किलोचा. सासू म्हणाली, मुठीएवढं आहे. आम्ही दोघं मागावर, पाळीपाळीनं काम, खाण्यापिण्याचे हाल होतेच. सहा आठवडे बाळाला नेविरापिनचं सिरप दिलं, सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या आत सोडायचं. मग ते पांढरं औषध दीड वर्ष. वर्षभर अंगावर पाजलं.

पहिल्या वर्षी अंगणवाडीच्या कार्डावर त्याचा ठिपका पिवळ्या पट्ट्यातच घुटमळायचा. सर्दी-खोकला तर पाचवीला पुजलेला. दीड वर्षाची शेवटची तपासणी लॉकडाऊनमध्ये अडकली, एसटी बंद, आम्ही घरात. तेवढे महिने माझ्या जिवाला झोप नव्हती. पुढं बोलावलं, रिपोर्ट निगेटिव्ह. आता शाळेत जातो, वर्गात पहिल्या ओळीत उभा करतात म्हणजे उंचीला जरा कमीच आहे, पण त्याचे वडील तरी कुठं उंच आहेत. पाढे धडाधड म्हणतो.

आईला माझा निरोप सांगा. मी गोळी चुकवली नाही म्हणून तो निगेटिव्ह आहे.


समुपदेशक_माई:

पोरी, मी कोल्हापूर जिल्ह्यात आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी केंद्रात) आणि नंतर एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या गोळ्या देतात तिथं) समुपदेशक होते, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नव्हे. डोस बदलायचा तो तुझ्या केंद्रातल्या डॉक्टरांना विचारूनच. पण तू शेवटी जे सहज लिहून गेलीस ना, झोपताना तिन्ही गोळ्या एकदम, वर दूध आणि गुलाबी औषध, त्यावर मला सगळ्यात आधी बोलायचंय.

टीएलडीत तीन औषधं असतात: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३००, डोल्युटेग्राविर ५०. ह्यातलं डोल्युटेग्राविर पोटात लोह किंवा कॅल्शियम भेटलं की त्याला चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. भरल्या पोटी, जेवणाबरोबर घेतलं तर चालतं. रिकाम्या पोटी चालत नाही, आणि तुझं जेवण तर संध्याकाळीच झालेलं असतं. कपभर दूध म्हणजे जेवण नव्हे. त्या गुलाबी औषधात मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असतं, ते तर जेवणाबरोबरसुद्धा नको. ते टीएलडीच्या निदान सहा तास आधी नाहीतर दोन तास नंतर. एक बाई माझ्याकडं अशाच आल्या होत्या. एक गोळी चुकवलेली नाही, आणि आठव्या महिन्यात व्हायरल लोड वर गेलेला. सगळ्यांनी त्यांच्यावरच संशय घेतला, गोळ्या खात नसणार म्हणून. मी त्यांना घरच्या सगळ्या पुड्या पिशवीत घालून आणायला सांगितलं आणि टेबलावर मांडल्या. रात्रीच्या रिकाम्या पोटावर पाच औषधं एकदम जात होती. वेळा बदलल्यावर त्यांचा लोड खाली आला.

दुसरं, कॅल्शियम लोहालाही मारतं. एकत्र घेतलं की लोह अंगाला नीट लागत नाही. तुझं हिमोग्लोबिन ९.४ का, ह्याचं निदान अर्धं उत्तर तुझ्या झोपतानाच्या त्या मुठीत आहे असं मला वाटतं. गरोदरपणात ते ११ च्या वर हवं. आईच्या अंगात रक्त कमी असलं की बाळ वजनाला मागं राहतं, मग आईला एचआयव्ही असो वा नसो. जाऊबाईंना सांग, टीएलडीकडं बोट दाखवायच्या आधी हे बघायचं.

वेळा अशा लावून बघ आणि केंद्रात दाखवून घे. सकाळी ८ ला नाश्त्यावर कॅल्शियम. ११ ला लोह, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, त्याच्या आगंमागं तासभर चहा नको. दुपारी जेवल्यावर दुसरं कॅल्शियम. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या दोन गोळ्या दिल्या असतील तर दुसरी ४ वाजता. चारनंतर ह्यातलं काही नाही. रात्री १० ला टीएलडी एकटी, साध्या पाण्याबरोबर. दूध दुपारी पी. जळजळीवर रात्री वेगळं काय घेता येईल ते डॉक्टरांना विचार, आणि संध्याकाळच्या जेवणात तिखट कमी कर. तांबडा रस्सा बाळंतपणानंतर कुठं पळून जात नाही.

आता तुझ्या आईचं म्हणणं. शेवटचे दोन महिने गोळी बंद. बाई, मायेनं सांगितलेली ही सगळ्यात घातक गोष्ट आहे. विषाणू आईकडून बाळाकडं जातो तो बहुतेक वेळा गरोदरपणाच्या अगदी शेवटी आणि प्रसूतीच्या कळांमध्ये. गोळी थांबवली की काही आठवड्यांत तो रक्तात पुन्हा उसळतो. म्हणजे नेमक्या त्या वेळेला आपण दार उघडून द्यायचं. काहीच औषध नसेल तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते, अंगावर किती दिवस पाजलं ह्यावर कमीजास्त. आई दिवस राहायच्या आधीपासून गोळीवर असेल आणि लोड दबलेला असेल तर तेच प्रमाण शंभरात एकाच्याही खाली येतं. तू त्या दुसऱ्या गटात आहेस. तिथून स्वतःच्या पायानं पहिल्या गटात जायचं नाही.

मी काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडं एकच उपाय होता. कळा सुरू झाल्यावर आईला नेविरापिनची एक गोळी आणि बाळाला जन्मल्यावर एक डोस. आई घरीच बाळंत झाली, वाटेत जीपमध्ये झाली, की तेही गेलं. काही पोरं वाचली, काही नाही. ज्यांची नाही वाचली त्यांच्या आया मला अजून बाजारात भेटतात. २०१४ पासून प्रत्येक गरोदर बाईला तीन औषधांची गोळी, तीही कायमची, हे धोरण आलं आणि आमचं काम पालटलं. म्हणून गोळी बंद कर हे ऐकलं की मला राहवत नाही.

वाढीचं म्हणशील तर मी तुला खोटा धीर देणार नाही. एचआयव्ही असलेल्या आईचं, स्वतःला लागण न झालेलं बाळ पहिल्या वर्षात इतर बाळांपेक्षा थोडं लहान असू शकतं, जास्त वेळा आजारी पडू शकतं. त्यात औषधाचा वाटा किती, आईच्या आजारपणाचा किती, घरातल्या खाण्यापिण्याचा आणि ओढगस्तीचा किती, हे वेगळं काढणं फार अवघड आहे. पण मी जी पोरं वर्षानुवर्षं बघितली त्यांत वाढ अडली ती बहुतेक अंगावरचं लवकर तोडल्यानं, सहा महिन्यांनंतरही नुसत्या पातळ पेजेवर ठेवल्यानं, नाहीतर आईच आजारी असल्यानं. आणि ह्या सगळ्यावर इलाज आहे.

अंगावर पाज. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, पाण्याचा थेंबही नाही. नंतर वरच्या खाण्याबरोबर चालू ठेव, वर्षापर्यंत तरी. अट एकच, तुझी गोळी चुकता कामा नये. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही: थोडं अंगावरचं, थोडं गाईचं दूध. वरच्या दुधानं, पाण्यानं, मधानं बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. आपल्याकडं ह्यातली मोठी अडचण म्हणजे बाळगुटी. सहाण येते, वेखंड, जायफळ, हळकुंड उगाळलं जातं, आणि आजी हौसेनं चाटवते. ते सहा महिने नाही. त्यावर काय बोलायचं ते हवं तर पुढं सांगते.

जन्मल्यावर सिरप. तुझा लोड दबलेला असेल तर नेविरापिन, दिवसातून एकदा, सहा आठवडे. बाळ अडीच किलोच्या वर असेल तर दीड मिली, दोन ते अडीचमध्ये असेल तर एक मिली, त्याहून लहान असेल तर डॉक्टर वजनावर हिशेब काढतात. लोड वर असेल तर झिडोवुडिन धरून दोन सिरपं देतात आणि अंगावर पाजत असाल तर १२ आठवडे. म्हणून ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान तुझा व्हायरल लोड परत व्हायला हवा. गेल्या वेळचा कागद पुरत नाही. वेळा बिघडलेल्या होत्या म्हणून तर अजिबात पुरत नाही. उद्याच जा आणि स्वतःहून सांग, माझं रक्त घ्या.

बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात. टाचेला टोचतात आणि जाड कागदाच्या कार्डावर पाच गोल असतात, त्यात एकेक थेंब भरतात. गोल पूर्ण भरायला हवा, थेंबावर थेंब टाकायचा नाही. कार्ड सुकवून प्रयोगशाळेत जातं, तिथं विषाणू आहे का तेच थेट बघतात. मग बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर, वर्षाचं झाल्यावर, आणि शेवटचा पक्का निकाल दीड वर्षाला. मधल्या काळात कुणी खासगी लॅबमध्ये नेऊन साधी पट्टीची तपासणी केली तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण तुझ्या रक्तातली प्रतिपिंडं बाळात दीड वर्षापर्यंत राहतात. त्या पट्टीवरून घराघरांत रडारड झालेली मी बघितलीय. ती करूच नका. सहाव्या आठवड्यापासून कोट्रायमोक्साझोल सुरू होतं, इचलकरंजीच्या ताईंनी पांढरं औषध म्हटलं ते. निमोनिया वगैरेपासून राखण म्हणून.

आणि एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियनच करायला लागतं असं नाही. ते नेहमीच्या कारणासाठीच करतात.


निसर्गमित्र_पन्हाळा:

एवढी रसायनं पोटातल्या जिवाला घालणं मला पटत नाही. आमच्या भागात एक वैद्य आहेत, गुळवेल आणि अश्वगंधाचा काढा देतात. शरीराची ताकद वाढली की विषाणू आपोआप दबतो. दोन महिने करून बघायला काय हरकत आहे?


समुपदेशक_माई:

हरकत आहे. दोन महिन्यांनी कळेल तेव्हा बाळ जन्मलेलं असेल आणि झालेली लागण परत घेता येत नाही. गुळवेलीनं एचआयव्ही दबल्याचा एकही व्हायरल लोडचा कागद माझ्यासमोर कधी आला नाही. गरोदर बाईला असा सल्ला इथं परत देऊ नका, ही विनंती आहे.

पोरी, कुठलाही काढा घेत असशील तर केंद्रात सांगून ठेव, लपवू नकोस.


बाळडॉक्टर_सांगली_कोल्हापूर:

माईंनी गोळ्यांच्या वेळांचं पकडलं ते अगदी बरोबर. मी बालरोगतज्ज्ञ आहे, एवढीच भर घालतो.

जाऊबाईंनी वाचलं ते निराधार नाही, फक्त ते कुठल्या औषधांबद्दल आहे हे बघायला हवं. प्रॉमिस नावाचा मोठा अभ्यास झाला, भारतही त्यात होता, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. नुसतं झिडोवुडिन घेणाऱ्या आयांची आणि तीन औषधं घेणाऱ्या आयांची तुलना होती. तीन औषधांच्या बाजूला बाळांना लागण ०.५ टक्के, दुसरीकडं १.८ टक्के. पण झिडोवुडिनवर आधारलेल्या तीन औषधांच्या गटात अडीच किलोखालची बाळं २३ टक्के होती, नुसत्या झिडोवुडिनमध्ये १२ टक्के. लागण घटली, वजनही घटलं. हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. मात्र त्या तीन औषधांत लोपिनाविर-रिटोनाविर होतं. तुमची गोळी वेगळी आहे.

डोल्युटेग्राविरवर मोठं वादळ २०१८ मध्ये उठलं. बोत्सवानात दिवस राहताना हे औषध चालू असलेल्या ४२६ आयांमागं चार बाळांना पाठीच्या मणक्याचा, मेंदूच्या आवरणाचा दोष दिसला. जगभर धसका घेतला, कित्येक ठिकाणी बायांना हे औषध देणं थांबलं. तिथल्याच डॉक्टरांनी नोंदी पुढं चालू ठेवल्या, हजारो बाळंतपणं मोजली, आणि २०२२ पर्यंत तो आकडा ०.११ टक्क्यावर उतरला, म्हणजे इतर औषधांइतकाच. शिवाय तो दोष व्हायचा तर पहिल्या महिन्यात होतो. तुमचा सातवा चालू आहे, ती भीती मनातून काढून टाका.

२०२१ मध्ये आणखी एक अभ्यास आला, नऊ देशांतल्या ६४३ गरोदर बायांचा, भारत धरून. डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांपैकी ९८ टक्के आयांचा विषाणू प्रसूतीच्या वेळी दबलेला होता, एफाविरेन्झ (जुन्या टीएलईतलं औषध) घेणाऱ्यांत ९१ टक्के. तुमच्या गोळीतल्या टेनोफोविरबरोबर डोल्युटेग्राविर घेतलं काय आणि एफाविरेन्झ घेतलं काय, गरोदरपणातल्या गुंतागुंतीचं प्रमाण सारखंच, ३३ टक्के निघालं. टेनोफोविरच्या नव्या प्रकाराबरोबर डोल्युटेग्राविर घेतलं तेव्हा ते २४ टक्के होतं. म्हणजे औषधात सुधारणेला जागा आहे, पण डोल्युटेग्राविरमुळं बाळाचं जास्त नुकसान झालं असं त्यात दिसलं नाही.

टेनोफोविर आणि हाडं हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २०१५ मध्ये, जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मोजलं तेव्हा आईनं गरोदरपणात टेनोफोविर घेतलेल्या बाळांच्या हाडांतलं खनिज १२ टक्के कमी भरलं. म्हणून माझा आग्रह असतो की बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, पहिलं वर्षभर चुकवू नयेत. ते तर मी सगळ्याच बाळांना देतो. झिडोवुडिनचं सिरप द्यावं लागलं तर बाळाचं हिमोग्लोबिन बघतो, ते त्यानं उतरू शकतं.

बाकी काय बघायचं? एका आकड्यावर जाऊ नका, रेघ बघा. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, दहा-चौदा दिवसांत परत येतं. पुढं कार्डावर दर महिन्याला ठिपका मांडायचा. मुलगी असेल तर सहा महिन्यांना मध्यावरचं वजन ७.३ किलो, मुलगा असेल तर ७.९. मुलगी ५.७ च्या आणि मुलगा ६.४ च्या खाली असेल तर कमी म्हणायचं. सव्वादोन किलोवर जन्मलेलं बाळ मध्यावर नसेल, पण त्याची स्वतःची रेघ वर चढत असेल तर मी खूश असतो. रेघ दोन महिने आडवी झाली की मात्र वाट बघायची नाही. वजनाबरोबर लांबी आणि डोक्याचा घेरही मोजून घ्या. बाळ तिसऱ्या महिन्याच्या आसपास मान धरतंय का, आवाजाकडं वळतंय का, तुमच्याकडं बघून हसतंय का, हे तुम्हाला घरीच दिसतं.

आपल्याकडं अडीच किलोखाली जन्मणारी बाळं साधारण १८ टक्के आहेत, हे देशाच्या सर्वेक्षणातलं आहे. त्यांच्या बहुतेक आयांनी टीएलडी बघितलेलीसुद्धा नाही.


गारगोटीची_लेक:

सगळ्यांचे फार आभार. इचलकरंजीच्या ताई, तुमचं मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, बरं मग घे बाई वेळच्या वेळी.

सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जाऊन आले. गोळ्यांच्या वेळा सांगितल्या तशा लिहून दाखवल्या, डॉक्टर बरोबर म्हणाले. रात्रीचं गुलाबी औषध बदलून दिलं. व्हायरल लोडचं रक्त घेतलं, निकाल यायचाय. लोहाच्या दोन गोळ्या चालू केल्यात आणि महिन्यानं परत हिमोग्लोबिन बघणार आहेत. वाढीची सोनोग्राफी पण परत सांगितलीय.

अजून दोन गोष्टी. बाळंतपणाला माहेरी जायचंय. आधी एका खासगी दवाखान्यात नाव घातलं होतं, तिथं माझा रिपोर्ट कळल्यावर काउंटरवरच, चारचौघांत म्हणाले की तुम्ही दुसरीकडं बघा. मी परत तिकडं गेले नाही. मग माहेरी गेल्यावर कळा आल्या तर कुठं जायचं? दुसरं बाळगुटीचं. बारशाला आत्याबाई सहाण घेऊनच येणार, हे मला आत्ताच दिसतंय. त्यांना काय सांगू?


समुपदेशक_माई:

शाब्बास पोरी. रक्त दिलंस, मोठं काम झालं.

त्या दवाखान्याचं आधी. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं आणि चारचौघांत त्याची वाच्यता करणं, दोन्ही कायद्याच्या विरोधात आहे. २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. तक्रार करायची का हे तू आणि मालक ठरवा, बाळंतपण झाल्यावर ठरवलंत तरी चालेल. १०९७ ला फोन केलास तर पैसे लागत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही, तिथं विचार. मला त्या काउंटरवरच्या माणसाचा फार राग आलाय, पण आत्ता तुझी ताकद तिकडं घालवू नकोस.

माझं स्पष्ट मत आहे की बाळंतपण सीपीआरलाच कर. तुझी उपचाराची वही, तुझा लोड, बाळाचं सिरप, सगळं एका आवारात आहे. बाळ वजनाला मागं आहे म्हटल्यावर नवजात बाळांचा विभाग जवळ असलेला बरा. माहेरचा आराम हवाच असेल तर आईलाच आठव्या महिन्यात तुझ्याकडं बोलाव, आणि बाळाला घेऊन मग गारगोटीला जा. तरीही आधी जाणार असशील तर केंद्रात तसं सांग, गोळ्या जास्त दिवसांच्या मागून घे, आणि हिरवी वही सामानात नको, हातातल्या पर्समध्ये ठेव. कळा कुठंही आल्या तरी ती वही दाखवली की पुढचं सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्या रात्रीसुद्धा दहाची गोळी घ्यायची, कळा चालू असल्या तरी. बाळाचं सिरप जन्मल्यावर लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. दवाखान्यातून निघताना बाटली हातात आहे ना, सिरिंज आहे ना, आणि दीड मिलीची खूण नर्सबाईंनी तुझ्यासमोर दाखवली ना, हे बघूनच पायरी उतर. बाळ लहान भरलं तर खूण एक मिलीवर.

आत्याबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस आणि एचआयव्हीचं काही सांगायची गरज नाही. सहा महिने वरचं काही नको हे हल्ली सगळ्याच बाळांना सांगतात, आशाताई सांगतात, अंगणवाडीच्या सेविका सांगतात. तुझ्या गल्लीतल्या आशाताईंना बारशाच्या आधी एकदा घरी बोलाव आणि त्यांच्याच तोंडून आत्याबाईंना ऐकू दे. आत्याबाईंची हौस दुसऱ्या कामात लाव. तेल लावून अंघोळ त्यांनी घालावी, शेक-शेगडी त्यांनी बघावी, तुला डिंकाचे, अळिवाचे लाडू त्यांनी करावेत. माझ्या अनुभवात आजीच्या हातात काम दिलं की सहाण मागं पडते. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, तूप घातलेला मऊ वरणभात, शेंगदाण्याचा बारीक कूट, कुस्करलेलं केळं, पुढं उकडलेलं अंडं, सगळं त्यांच्याच हातून जाऊ दे. पण घट्ट हवं. चमचा तिरका केला तर ओघळता कामा नये.

आणि सहाव्या आठवड्याच्या टाचेच्या रक्ताचं घरी काय सांगायचं, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. बाळाची दीड महिन्याची पेंटाची लस त्याच सुमाराला असते. लसीला चाललोय म्हणायचं, ते खरंच असतं. केंद्रात आधी फोन करून दोन्ही एकाच दिवशी जमवून घे. लोडचा निकाल आला की इथं कळव, त्यावरून एक सिरप का दोन हे डॉक्टर ठरवतील.